चवदार तळे आणि व्हर्साय

२५ डिसेंबर १९२७ च्या रात्री महाडला मनुस्मृती जाळली गेली, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच दिवशी बाबासाहेबांनी केलेले अध्यक्षीय भाषण मात्र शेवटपर्यंत वाचलेली माणसे फार थोडी भेटतात. माझ्या मते त्यांच्या मराठी भाषणांतले हे सर्वांत बांधेसूद भाषण.

श्रोते कोण होते ते आधी पाहावे. कोकणातले शेतमजूर होते, लष्करातून निवृत्त झालेले पेन्शनर होते, बोटीने दासगाव बंदरात उतरून पायी महाड गाठलेली मुंबईची मंडळी होती. त्याच वर्षी मार्चमधल्या परिषदेला जमलेले अस्पृश्य २० तारखेला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर, आता हे लोक वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि मंडपातल्या जेवत्या लोकांना मार बसला. मग गोमूत्र-शेणाने तळे ‘शुद्ध’ झाले. तळे खुले करणारा १९२४ चा ठराव नगरपालिकेने ऑगस्टमध्ये मागे घेतला, आणि डिसेंबरात दिवाणी कोर्टाचा मनाई हुकूम आला. मंडपासाठी जागा मिळाली ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाची. अशा सभेत वक्ता पेटून उठला असता तर कोणी नवल केले नसते.

छत्तीस वर्षांचे हे बॅरिस्टर मात्र थंडपणे तर्क मांडतात. जनावरांना, परधर्मीयांना तळ्याची आडकाठी नाही. म्हणजे पाणी बाटण्याची भीती हे कारण खरे नाही. आम्हाला बरोबरीचे मानावे लागेल, ही खरी भीती. आणि मग भाषणातले सर्वांत देखणे वळण येते. हे पाणी पिऊन कोणी अमर होणार नाही आणि न पिता आम्ही मेलोही नाही, अशा आशयाचे ते बोलतात. तळ्यावर जायचे ते आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला.

इथे थांबून विचार करावा. पोलादपूरकडून सावित्री नदी येते, महाडला गांधारी तिला मिळते. तरी मार्चच्या परिषदेला चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तहानेचे गाऱ्हाणे तयारच होते. वक्ता ते उचलत नाही. तहानेची कीव येऊ शकते, पण मागणी किवेची नव्हतीच.

तिथून भाषण थेट १७८९ च्या व्हर्सायला पोहोचते. फ्रान्सच्या राष्ट्रसभेशी महाडच्या मंडपाची तुलना! ज्यांना गावच्या पाणवठ्यावर उभे राहू देत नव्हते त्यांना ते युरोपच्या इतिहासाच्या रांगेत बसवतात, तेही समजूत घालण्याचा सूर न लावता. श्रोत्यांचा याहून मोठा मान कोणता? फ्रेंच राज्यक्रांतीवरच्या आक्षेपांना दिलेले उत्तर जरा लांबते खरे. तिथे बोलणे समोरच्या माणसांपेक्षा शहरातल्या शिकलेल्या टीकाकारांशी चालले आहे असे वाटते.

परंतु उत्तरार्ध पुन्हा पकड घेतो. त्या काळचे पुष्कळ सुधारक विहीर आणि देऊळ इथवर येऊन थांबत. बाबासाहेब सांगतात की स्पर्शबंदी उठली तरी काम संपत नाही; रोटीबंदी आणि त्याहूनही बेटीबंदी मोडल्याशिवाय जातिभेद जात नाही. जपानच्या सामुरायांनी आपणहून मोठेपण सोडले, हा दाखला ते ब्राह्मणवर्गापुढे ठेवतात. त्यात धमकी नाही, आर्जवही नाही.

या भाषणाची खरी परीक्षा दोन दिवसांनी झाली. प्रकरण कोर्टात असताना मनाई हुकूम मोडू नये म्हणून तळ्यावर पाणी पिण्याचा सत्याग्रह तहकूब झाला. लोक मिरवणुकीने तळ्याला वळसा घालून परतले. पाण्यासाठीच हाक दिली असती तर तो पराभव ठरला असता. इथे मूळ प्रतिज्ञाच समतेची होती, त्यामुळे ओंजळ न भरताही भाषणातले एकही वाक्य खोटे पडले नाही. हा योगायोग म्हणायला मी तयार नाही. समोर काय वाढून ठेवले आहे हे ओळखूनच मांडणी झाली असावी.

तळ्याचा दावा महाड आणि ठाणे इथल्या कोर्टांतून मुंबई उच्च न्यायालयात गेला. अस्पृश्यांना वगळण्याची अनादी वहिवाट वादींना सिद्ध करता आली नाही, असा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला आणि बाबासाहेबांची बाजू जिंकली.