दूध आटलं नाही, पण जेवणाचं काय?

'व्यायामाने दूध आटतं का गं?' ताईने विचारलं आणि मी ड्यूई आणि सहकाऱ्यांचा १९९४चा पेपर उघडला. ३३ स्तनदा माता. त्यातल्या १८ जणींना १२ आठवडे, आठवड्यातून ५ दिवस, ४५ मिनिटं व्यायाम. दुधात, बाळांच्या वजनवाढीत लक्षणीय फरक नाही. गट यादृच्छिक पाडलेले, मांडणी चोख.

पण निष्कर्षाच्या ओळीवर थांबू नका. व्यायामात रोज ४०० किलोकॅलरी खर्च झाल्या आणि त्या बायकांनी आपसूक जास्त खाऊन त्या भरून काढल्या! म्हणजे 'पुरेसं खाल्लं तर' ही अट आत दडलीय. शिवाय इतक्या थोड्या जणींत छोटा फरक सापडणंही अवघडच. आपल्याकडे आयसीएमआर पहिले ६ महिने रोज ६०० किलोकॅलरी जास्त सुचवते. ताई मात्र चहा-बिस्किटावर फिरायला जाते. तिला म्हटलं, चाल खुशाल, पण आधी भाकरी-उसळ खा.