सक्तीचा मनोरुग्णालय-प्रवेश : प्रादेशिक तुलनेतील आकडे नेमके कशाचे?

रुग्णाला त्याच्या इच्छेविरुद्ध मनोरुग्णालयात दाखल करण्याचे प्रमाण देशागणिक किती बदलते, हे सालिझे व ड्रेसिंग यांच्या अभ्यासाने (ब्रिटिश जर्नल ऑफ सायकायट्री, २००४) ठळकपणे मांडले. तेव्हाच्या युरोपीय संघातील १५ देशांची माहिती त्यात होती. दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला पोर्तुगालात ६ आणि फिनलंडात २१८ सक्तीचे प्रवेश, म्हणजे सुमारे छत्तीस पट तफावत. हा आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र सहसा मागे राहतो. एकूण मनोरुग्णालयीन प्रवेशांत सक्तीच्या प्रवेशांचा वाटा पोर्तुगालात ३.२ टक्के, तर स्वीडनमध्ये ३० टक्के होता. लोकसंख्येऐवजी एकूण प्रवेश हा भाजक धरताच तफावत दहापटीच्या आत आली आणि पहिल्या क्रमांकाचा देशही बदलला. तेव्हा सक्ती जास्त कोठे, याचे उत्तर भाजक ठरवण्याआधी देताच येत नाही.

अंशाची अडचण याहून मोठी आहे. मोजायचे काय, माणसे की प्रवेश? एकच व्यक्ती वर्षात तीनदा दाखल झाली तर एका नोंदपद्धतीत ती एक असते, दुसरीत तीन. स्वेच्छेने आलेल्याला नंतर अडवून ठेवले, तर ती सक्ती कोठे नोंदवायची? इटलीत १९७८ च्या १८० क्रमांकाच्या कायद्यानंतर सक्तीच्या उपचाराचा आदेश नगरप्रमुख काढतो आणि त्याची मुदत सात दिवसांची असते, ती वाढवता येते. अन्यत्र हा अधिकार डॉक्टरकडे किंवा न्यायालयाकडे असतो. या सगळ्यांना एका रकान्यात बसवणे सोयीचे असले तरी निर्दोष नाही. ‘सही केली नाहीस तर सक्तीने ठेवू’ असे ऐकून केलेली सही तर सगळीकडेच स्वेच्छेत जमा होते.

कारणांच्या शोधात हाच गोंधळ पुन्हा दिसतो. शेरिडन रेन्स व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये लॅन्सेट सायकायट्रीत २२ देशांची तुलना केली. कायद्याच्या स्वरूपाचा दराशी संबंध त्यांना आढळला नाही. खाटा जास्त तेथे सक्ती जास्त, असे मात्र दिसले. याउलट किओन व सहकाऱ्यांच्या २०११ मधील अभ्यासानुसार इंग्लंडमध्ये १९८८ ते २००८ या काळात मनोरुग्णांच्या खाटा साठ टक्क्यांहून अधिक घटल्या आणि सक्तीचे प्रवेश साठ टक्क्यांहून अधिक वाढले. दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात, कारण एक अनेक देशांतील फरकाविषयी आहे आणि दुसरा एका देशातील कालानुरूप बदलाविषयी. पहिल्याचा आधार घेऊन ‘खाटा कमी करा, सक्ती घटेल’ असे धोरण सुचवणे ही मात्र उघड चूक ठरेल, आणि तिची किंमत गंभीर अवस्था होईपर्यंत खाट न मिळालेला रुग्ण मोजेल.

त्यामुळे एकाच कायद्याखालील प्रदेशांची तुलना अधिक भरवशाची, असे म्हणता येते. भारतात २९ मे २०१८ पासून मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ लागू आहे. त्यात कलम ८६ स्वतंत्र प्रवेशाचे, तर कलम ८९ नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरून तीस दिवसांपर्यंतच्या प्रवेशाचे आहे. कलम ८९ खालील प्रवेश पुनर्विलोकन मंडळाला कळवावा लागतो : स्त्रिया व अल्पवयीनांचा तीन दिवसांत, इतरांचा सात दिवसांत. म्हणजे मोजणीला पायाभूत कागद कायद्यानेच निर्माण केला आहे.

पण जिल्हावार दर काढू पाहणाऱ्या महाविद्यालयीन प्रकल्पाला काही गोष्टी आधीच ठरवाव्या लागतील. सावंतवाडीचा रुग्ण बांबोळीच्या मनोरुग्णालयात किंवा बेळगावचा धारवाडला दाखल झाला, तर तो कोणत्या जिल्ह्याचा? रुग्णालयाचा पत्ता धरल्यास मोठी रुग्णालये असलेले जिल्हेच सक्तीचे जिल्हे ठरतील, म्हणून राहत्या घराचा पत्ता धरणे भाग आहे. तसेच कलम ८९ खालून सुटलेला रुग्ण सात दिवसांच्या आत परत आल्यास कलम ९० लागू होते. त्या वेळी एकच सक्ती मोजायची की दोन, हे नोंदवहीत आधीच लिहून ठेवलेले असले पाहिजे.