तासाभरातलं नेमकं मिनिट

मे महिना सरत आला की नागावच्या वाड्यांमध्ये सुपारीवर बोर्डो मिश्रण फवारायची घाई उडते. पावसात कोळेरोग आला की कोवळी फळं गळतात, म्हणून औषध आधीच घडांवर बसायला हवं. १ टक्क्याचं प्रमाण बहुतेक वाडीवाल्यांना पाठ असतं : १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. अडतं ते पुढे. द्रावणं एकत्र कशी करायची, आणि झालेलं मिश्रण झाडाला सोसेल की नाही, हे ओळखायचं कसं? याचं उत्तर कुणातरी तज्ज्ञाच्या तासाभराच्या ऑनलाइन व्याख्यानात असतं. २०२० च्या टाळेबंदीत अशा व्याख्यानांची लाट आली आणि त्यांची रेकॉर्डिंग यूट्यूबवर साठली. साठवण झाली, पण साठवलेल्यातून हवं ते काढण्याची सोय मागेच राहिली.

सर्वांत जुनी रीत अंगठ्याची : खालची पट्टी ओढायची आणि सरकणारी चित्रं बघायची. तिला हसू नये. संशोधक जुहो किम आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरची ८६२ व्हिडिओ-व्याख्यानं तपासली. प्रेक्षक जिथे गर्दी करतात, पुन्हा पुन्हा येतात, अशा जागांपैकी ६१ टक्के जागांलगत पडद्यावरचं दृश्य बदललेलं आढळलं. म्हणजे माणूस चित्राच्या खुणेने वाट काढतो. आपल्याकडच्या वेबिनारांत मात्र पडद्यावर तासभर एकच चेहरा असतो. त्यातही सुरुवातीचा वेळ स्वागत, प्रास्ताविक आणि पाहुण्यांच्या परिचयात जातो. अशा ठिकाणी अंगठ्याला थांबायला खूण कुठली?

दुसरी रीत शब्दांची. व्याख्यानातलं बोलणं यंत्राकडून लिहून घेऊन त्यात शोधण्याचा प्रयोग एमआयटीत २००७ च्या सुमारास झाला होता. यूट्यूबने २००९ मध्ये इंग्रजीसाठी आपोआप उमटणारी उपशीर्षकं आणली. मराठीत मोठी अडचण मिसळीची आहे. वक्ता ‘कॉपर सल्फेट’ म्हणतो, वाडीवाला ‘मोरचूद’ टाइप करतो, आणि अक्षरं जुळवणारा शोध रिकाम्या हाताने परततो. अर्थावरून शोधणारी नवी साधनं ही दरी बरीच बुजवतात, हे मान्य.

पण बोर्डोचं मर्म शब्दांत नसतंच. मोरचूद आणि चुना वेगवेगळे विरघळवून दोन्ही द्रावणं एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओततात. मग घासून लखलखीत केलेला लोखंडी कोयता त्यात बुडवून वर काढतात. पात्यावर तांबूस थर चढला तर मोकळं तांबं उरलेलं असतं आणि चुन्याची निवळी आणखी घालावी लागते. हे दाखवताना वक्ता एवढंच म्हणतो, “बघा, असं यायला नको.” लिहून काढलेल्या मजकुरात ते ‘असं’ तेवढं उरतं. शब्दांतून शोधणाऱ्याला ही जागा सापडणारच नाही, आणि ज्याला फवारायचं आहे त्याला नेमकी हीच हवी असते. शेती, स्वयंपाक, सुतारकाम, जिथे हात बोलतात तिथे सगळीकडे हेच.

म्हणून माझा कौल अजून हाताने केलेल्या सूचीला आहे. मुंबई आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाकडे बघा. साधारण दहा मिनिटांचे पाठ, आणि प्रत्येकाच्या संहितेत एका रकान्यात वेळ, शेजारी निवेदन, मराठीतसुद्धा. दिसायला अगदी रुक्ष, पण मराठीत याहून कामाची व्यवस्था माझ्या पाहण्यात नाही. विषय मुख्यत्वे सॉफ्टवेअरचे असल्याने शेतीवाल्यांचं तिकडे लक्ष गेलेलं दिसत नाही. तसंही सूचीकार शं. ग. दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध करूनही आपली कितीतरी पुस्तकं शेवटी विषयसूची न देताच छापली जातात. व्हिडिओ त्याच वळणावर गेले.

आता व्हिडिओचा सारांश करून देणारी, प्रश्नाला थेट उत्तर देणारी साधनं आली आहेत. वेळ वाचतो, यात शंका नाही. मात्र ‘मिश्रणाची चाचणी घ्यावी’ असं एक वाक्य देऊन सारांश कोयता गाळून टाकू शकतो. फवारणीच्या प्रमाणाबाबत तर, ज्या उत्तराला मूळ मिनिटाचा पत्ता जोडलेला नाही, ते मी मानणार नाही.

तोवर व्हॉट्सॲपवरची रीत बरी : लिंकखाली ‘अठराव्या मिनिटापासून बघ’. कुणीतरी पूर्ण ऐकलेलं असतं, त्याचा फायदा चार जणांना होतो. हेच काम व्याख्यान चढवणाऱ्याने केलं तर? यूट्यूबवर प्रकरणं पाडायची सोय २०२० पासून आहे. वर्णनात ०:०० पासून सुरू होणाऱ्या किमान तीन वेळा आणि त्यांच्यापुढे मथळे लिहायचे, प्रत्येक भाग निदान दहा सेकंदांचा. मथळ्यात ‘मोरचूद’ आणि ‘कॉपर सल्फेट’ दोन्ही लिहावेत. आणि जिथे कोयता बुडतो, तिथे ‘कोयत्याची चाचणी’ असंच लिहावं. ‘प्रात्यक्षिक भाग २’ नको.