प्राण्याचे मुख आणि पात्राचे मुख : ग्रीक पशुरूप मृत्पात्रांच्या प्रतीकार्थाचा पुनर्विचार

प्राचीन ग्रीक कलेच्या अभ्यासात पशुरूप पात्रांचा विचार बहुधा एका ठरावीक पद्धतीने केला जातो. बैलाचे शिर म्हणजे सामर्थ्य व सुफलन, सिंहाचे शिर म्हणजे राजसत्ता, मेंढ्याचे शिर म्हणजे यज्ञबळी, अशी सारणी आधीच तयार असते आणि प्रत्येक पात्र तिच्या एखाद्या रकान्यात बसविले जाते. प्रस्तुत लेखकाच्या एम.फिल.च्या लघुप्रबंधातही अशी एक सारणी होती. आज ती वाचताना तिच्यातील उणीव प्रकर्षाने जाणवते. तीत प्राण्यांचा विचार होता. परंतु या वस्तू पात्रे होत्या, त्यांत काही भरले जात होते, त्यांतून काही ओतले वा प्यायले जात होते, याचा विचार जवळजवळ नव्हता. या पात्रांचा प्रतीकार्थ प्राण्यात कमी आणि त्या पात्राच्या वापरात अधिक आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

'ऱ्हायटन' ही संज्ञा 'वाहणे' या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आली आहे. काटेकोर अर्थाने ऱ्हायटनला दोन छिद्रे असतात. एकातून द्रव भरावयाचा आणि दुसऱ्या, लहान छिद्रातून त्याची धार सोडावयाची. इ.स.च्या तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर लिहिणारा अथेनेउस आपल्या ग्रंथाच्या अकराव्या भागात पेयपात्रांची लांबलचक यादी देतो. तीत ऱ्हायटनचे नाव या धारेशीच जोडलेले आहे. म्हणजे प्राचीनांच्या दृष्टीने या पात्राची ओळख त्याच्या आकारावरून नव्हे, तर त्यातून वाहणाऱ्या द्रवावरून ठरत होती. ही साधी गोष्ट आधुनिक विवेचनात मागे पडली.

क्रीट बेटावरील उदाहरणे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत. मेसारा भागातील कुमासा येथील थडग्यांत इ.स.पू. 2000 च्या आसपासचे मातीचे बैल मिळाले आहेत. त्यांच्या शिंगांना इवलीशी माणसे लोंबकळत आहेत, आणि द्रव बाहेर पडतो तो बैलाच्या तोंडातून. यानंतर काही शतकांनी क्नोसॉस येथील 'लहान राजवाड्या'तील प्रसिद्ध वृषभशिर घडविले गेले. ते मातीचे नसून काळ्या स्टिअटाइट दगडाचे आहे. त्याचा डोळा स्फटिकाचा असून मानेकडे भरण्याचे व मुखाशी ओतण्याचे छिद्र आहे. पाठ्यपुस्तकांतून आपण पाहतो ते छायाचित्र जीर्णोद्धारित शिराचे असते. त्याचा एक मोठा भाग आणि शिंगे आधुनिक आहेत. अशी दगडी वृषभशिरे बहुतेक तुटलेल्या अवस्थेतच मिळतात. ती अपघाताने नव्हे, तर मुद्दाम फोडली गेली असावीत, असे प्रतिपादन पॉल रेहॅक यांनी 1995 मध्ये केले. हे मत ग्राह्य मानले तर संपूर्ण विधीच डोळ्यांपुढे उभा राहतो. बैलाच्या मुखातून द्रवाची धार पडते, आणि नंतर बळी दिलेल्या पशूप्रमाणे पात्रही नष्ट केले जाते. 'बैल म्हणजे सामर्थ्य' या समीकरणात यातले काहीच सामावत नाही. उलट येथे सामर्थ्यवान प्राण्याचा अंत हाच अर्थाचा गाभा दिसतो.

पुढील काळातील करिंथ व पूर्व ग्रीसची घुबडे, साळू, ससे इत्यादींच्या आकारांची लहान तैलपात्रे हा वेगळा विषय आहे. सुगंधी तेलाच्या या बोटभर कुप्या हाताळताना गंमत वाटावी, ती जवळ बाळगावीशी वाटावी, हा त्यांचा पहिला हेतू दिसतो. प्रत्येक घुबडात अथीना देवी शोधण्याचा मोह येथे टाळलेला बरा.

खरा प्रश्न उभा राहतो तो अथेन्सपाशी. इ.स.पू. पाचव्या शतकात तेथील कुंभार मेंढा, गाढव, कुत्रा, रानडुक्कर यांच्या शिरांची पेयपात्रे मोठ्या प्रमाणावर करू लागले. शिर साच्यातून काढावयाचे, वरचा गळा चाकावर घडवून त्यास जोडावयाचा आणि गळ्यावर रक्ताकृती शैलीत चित्रे काढावयाची, अशी ही पद्धत होती. या पात्रांमागे इराणी धातुपात्रांची प्रेरणा होती, हे हर्बर्ट हॉफमान यांनी 1961–62 मधील लेखनात दाखविले. इ.स.पू. 479 मधील प्लाटियाच्या लढाईनंतर ग्रीकांच्या हाती पडलेल्या लुटीत सोन्याची पेयपात्रे होती, असे हेरोडोटस सांगतो. ऱ्हायटनचा उल्लेख मात्र तो करीत नाही. अथेन्सच्या कुंभारांनी हा आकार जसाच्या तसा उचलला नाही. त्यांनी पात्राला मूठ बसविली आणि अनेकदा खालचे छिद्रच वगळले. धार सोडण्याचे पात्र अशा रीतीने ओठांना लावण्याचा पेला झाले.

या बदलाचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. बैठकीत पहुडलेला पुरुष हा पेला तोंडाशी नेऊन कलता करतो, तेव्हा समोरच्यास त्याच्या चेहऱ्याच्या जागी गाढवाचे मुस्कट दिसते. बूड नसलेला पेला भरलेला असताना खाली ठेवता येत नाही. तो रिकामा करावाच लागतो. गाढव हे ग्रीकांच्या नेहमीच्या यज्ञबळींपैकी नाही, त्यामुळे 'पशुशिर म्हणजे बळी' हे स्पष्टीकरण येथे लागू पडत नाही. परंतु डायोनायससच्या परिवारात गाढवाला हक्काचे स्थान आहे, आणि त्याचे सेवक जे सॅटिर, त्यांचे कान व शेपूट पशूचेच. मद्य पिणारा सभ्य नागरिक क्षणभर सॅटिर होतो आणि पेला खाली येताच पुन्हा नागरिक होतो. मद्यपानाच्या बैठकीतील प्रतिमा व वस्तू या पिणाऱ्यांशी खेळ मांडतात, हे फ्रान्स्वा लिसारॅग यांनी 1987 च्या ग्रंथात साधार दाखविले आहे. पशुशिर पेले या खेळातच शोभतात. काही पेल्यांचा अर्धा भाग मेंढ्याचा आणि अर्धा गाढवाचा असतो. सारणीकार त्यांना कोणत्या रकान्यात बसविणार?

हॉफमान यांनी पुढे आपला रोख बदलला. सोतादेस या कुंभारावरील 1997 च्या ग्रंथात त्यांनी या पात्रांना अमरत्वाची प्रतीके मानले. वीरपुरुषांच्या भोजनशिल्पांत पहुडलेल्या वीराच्या हाती ऱ्हायटन असतो, हा त्यांचा पुरावा वजनदार आहे. मात्र यांपैकी बरीच शिल्पे इ.स.पू. चौथ्या शतकातील आहेत, आणि शंभर वर्षांनंतरचा अर्थ मागे नेताना जी सावधगिरी हवी ती ग्रंथात सर्वत्र दिसत नाही. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. नाजूक मृत्पात्रे अखंड राहतात ती मुख्यतः थडग्यांत. घरात वापरलेली फुटतात आणि कचऱ्यात जातात. म्हणून ती थडग्यात सापडली यावरून ती थडग्यासाठीच घडविली, असे म्हणता येत नाही. हॉफमान यांच्या व्यासंगाविषयी पूर्ण आदर बाळगूनही हे नोंदविणे आवश्यक वाटते.

शिवाय ही थडगी कोणाची, हेही पाहावे लागते. सोतादेसशी संबंधित स्फिंक्सच्या आकाराचे पात्र आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यावर अथेन्सचा पुराणातील राजा केक्रोप्स रंगविला आहे. परंतु ते मिळाले इटलीतील कापुआ येथील थडग्यात. सोतादेसची स्वाक्षरी असलेले, घोड्यावर स्वार झालेल्या ॲमेझॉन स्त्रीच्या आकाराचे पात्र तर 1921 मध्ये आजच्या सुदानमधील मेरोए येथील पिरॅमिडांच्या दफनभूमीत निघाले. ते बोस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये आहे. त्याच्या गळ्यावर ग्रीक व इराणी योद्ध्यांची झुंज आहे. अथेन्सच्या कुंभाराने अथेन्सच्या अभिमानाचे चित्र रंगविले, आणि ते इराणी अंमलाखालील इजिप्तपलीकडच्या कुशच्या राज्यात कोणा प्रतिष्ठिताबरोबर पुरले गेले. तेथील शोककर्त्यांना ती झुंज कोणाची हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण धार सोडण्याचे पात्र ते हातात घेताच ओळखू शकत होते.