‘कारण असणे’ आणि ‘कारण वाटणे’

कार्यकारी सत्तेवर न्यायालयाचे नियंत्रण कोठवर चालावे, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा समजला जातो. परंतु १९४१ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णित केलेल्या ‘लिव्हरसिज विरुद्ध अँडरसन’ या खटल्यात तो एका उपवाक्याच्या अर्थावर येऊन ठेपला. युद्धकालीन नियम १८-ब अन्वये, एखादी व्यक्ती शत्रुपक्षाशी संबंधित असल्याचे मानण्यास ‘वाजवी कारण असेल’, तर तिला स्थानबद्ध करण्याचा अधिकार गृहमंत्र्यांस होता. चार न्यायाधीशांच्या मते, असे कारण आहे असे मंत्र्यांस प्रामाणिकपणे वाटले म्हणजे पुरे. लॉर्ड अ‍ॅटकिन यांनी एकट्यांनी भिन्नमत नोंदविले.

त्यांनी दिलेला हम्प्टी डम्प्टीचा दाखला सर्वतोमुखी झाला. आपण देऊ तोच शब्दाचा अर्थ, असे म्हणणाऱ्या त्या पात्राच्या पंक्तीस त्यांनी बहुमताला बसविले. आमच्या मते मात्र निकालपत्राचे बळ या उपहासात नाही. अर्थ संदर्भावर अवलंबून असतो, हे भाषाशास्त्रासही मान्यच आहे. आणि बहुमताचा भर युद्धाच्या संदर्भावरच होता. त्यास खरे उत्तर मिळते ते अ‍ॅटकिन यांच्या दुसऱ्या युक्तिवादात: याच नियमावलीत इतरत्र ‘मंत्र्यांची खात्री झाल्यास’ असे निराळे शब्द योजिले आहेत. नियमाचा इतिहासही यास पुष्टी देतो. १९३९ च्या मूळ नियमात ‘खात्री’ हाच शब्द होता. कॉमन्स सभेत आक्षेप निघाल्यावर त्याच वर्षी ‘वाजवी कारण’ आले. सोस्यूरच्या परिभाषेत, शब्दाचे मूल्य व्यवस्थेतील इतर शब्दांशी असलेल्या भेदावरून ठरते. बहुमताने तो भेदच पुसला.

मराठीत हा भेद वाक्यरचनेतच उमटतो. ‘मंत्र्यांजवळ कारण आहे’ यातील कारण तपासता येते. ‘मंत्र्यांना तसे वाटते’ यातील चतुर्थ्यन्त अनुभवकर्त्याच्या मनात न्यायालयास प्रवेश नाही.

बहुमताचा अर्थ चुकीचा होता, असे लॉर्ड डिप्लॉक यांनी १९७९ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्येच म्हटले. आपल्याकडे १९६६ च्या ‘बेरियम केमिकल्स’ खटल्यात याहून अवघड शब्दरचना होती. कंपनी अधिनियम, १९५६ च्या कलम २३७ मध्ये ‘केंद्र सरकारच्या मते’ असे स्पष्ट शब्द असूनही न्या. शेलत यांनी मत आणि त्याचा आधार यांचे पृथक्करण केले: मत सरकारचे, परंतु ज्या परिस्थितीवरून ते बनले, तिचे अस्तित्व दाखविता आले पाहिजे.

तात्पर्य, शासनास जाब विचारण्याची जागा बहुधा संकेतार्थी उपवाक्यात असते. कायद्याचा मराठी पाठ सिद्ध करणाऱ्याने ‘असल्यास’च्या जागी ‘वाटल्यास’ लिहिले, तर ती जागा नाहीशी होईल.