भयानक रसाचा जमाखर्च

संगणकावर राक्षस मारण्याच्या खेळाचें परीक्षण या पानांत येऊं नये असें ज्यांस वाटतें त्यांच्याशीं वाद घालण्याची आमची इच्छा नाहीं. थोड्या महिन्यांपूर्वीं आमचेंहि मत तेंच होतें. एका माजी विद्यार्थ्यानें 'एलियन्स: डार्क डिसेंट' हा खेळ आम्हांस आग्रहानें दाखविला, तेव्हां त्याच्या समाधानासाठीं अर्धा तास द्यावा एवढ्याच हेतूनें आम्ही बसलों, उठलों तेव्हां रात्रीचे दोन वाजून गेले होते. एवढ्यावरून खेळ चांगला ठरत नाहीं, हें आम्ही जाणतों. रात्र जागविणाऱ्या रहस्यकथा आम्हीं कांहीं कमी वाचलेल्या नाहींत, आणि त्यांपैकीं बहुतेकांचीं नांवेंहि आज आठवत नाहींत. परंतु या खेळानें आमच्या मनांत एक टोंचणी ठेविली आहे आणि ती अद्याप गेलेली नाहीं. ती कशाची, हें शोधून पाहण्याकरितां हा लेख.

हा खेळ पॅरिस येथील टिंडालोस इंटरॅक्टिव्ह या संस्थेनें रचिला व फोकस एंटरटेनमेंटनें तो २०२३ च्या जून महिन्यांत प्रसिद्ध केला. त्याचें मूळ रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या 'एलियन' या चित्रपटांत, आणि त्याहून अधिक जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८६ च्या 'एलियन्स'मध्यें आहे. स्विस चित्रकार एच. आर. गीगर यांनीं कल्पिलेला तो लांबट मस्तकाचा, डोळे न दिसणारा प्राणी आतां जगभर परिचित झाला आहे. जिवंत माणसाच्या छातींत तो वाढतो आणि छाती फोडून बाहेर पडतो. त्याचें रक्त म्हणजे लोखंड जाळणारें आम्ल. पहिल्या चित्रपटांत प्राणी एक व खलाशी सात होते. दुसऱ्यांत प्राण्यांचें वारूळ आणि समोर शस्त्रसज्ज शिपायांची तुकडी. शस्त्रें वाढलीं म्हणजे भीति कमी व्हावी, पण कॅमेरॉन यांनीं ती कमी होऊं दिली नाहीं, हें त्या चित्रपटाचें खरें यश होय.

खेळाचें कथानक थोडक्यांत असें. बाविसाव्या शतकाच्या अखेरीस लीथी नांवाच्या एका उपग्रहावर माणसांची वसाहत आहे. वेलँड-युतानी या बलाढ्य कंपनीची माएको हेज ही एक अधिकारी तेथील अंतराळस्थानकावर काम करीत असतां त्या प्राण्यांचा उपद्रव सुरू होतो. संसर्ग बाहेर जाऊं नये म्हणून ती एक संरक्षणयंत्रणा चालू करिते. कक्षेंतून निघूं पाहणारें प्रत्येक जहाज पाडावें, हें त्या यंत्रणेचें काम. त्याच यंत्रणेमुळें 'ओटागो' हें लष्करी जहाज लीथीवर कोसळतें, आणि हेजबाई व जोनास हार्पर नांवाचा सार्जंट हीं दोघें उरल्यासुरल्या शिपायांना घेऊन सुटकेचा मार्ग शोधूं लागतात. ज्या कोठडींत हीं माणसें अडकलीं आहेत तिला कुलूप त्यांच्यापैकींच एकीनें घातलें आहे. ही कल्पना खरोखर नाट्यपूर्ण आहे. लेखकांनीं तिचा पुढें फारसा उपयोग केला नाहीं, तें अलाहिदा.

आतां खेळण्याच्या रीतीकडे वळूं. आपल्या हातीं आरंभीं चार शिपाई असतात. ते बुद्धिबळांतील मोहऱ्यांसारखे एकेकटे हलत नाहींत. चौघे मिळून एकच पाऊल टाकतात. "ती भिंत धर", "हें दार उघड", "त्या वाटेवर मारा कर" अशी आज्ञा आपण तुकडीस देतों. ती पाळावयाची कोणी, हें बहुधा तुकडीच ठरविते. काळ कोणासाठीं थांबत नाहीं. आज्ञा निवडतांना तो मंद होतो, एवढीच सवलत. १९९४ च्या 'यूएफओ: एनिमी अननोन' या खेळापासून तुकडी चालविण्याच्या खेळांची जी मोठी परंपरा चालत आली, तींत एक डांव आपला व एक डांव शत्रूचा असा शिष्टाचार आहे. येथें तो शिष्टाचार मोडला आहे. मनगटाएवढ्या यंत्राच्या पडद्यावर हलणारे ठिपके दिसतात, यंत्र टिकटिक करूं लागतें, आणि विचार पुरा होण्यापूर्वींच ठिपक्याचा प्राणी होतो.

परंतु आम्हांस विशेष वाटली ती गोष्ट निराळीच. या खेळांत प्रत्येक शिपायाच्या भीतीचा हिशेब ठेविलेला आहे. चकमक लांबली, शत्रूनें माग काढला, सोबती पडला, कीं मनावरील ताण वाढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला म्हणजे शिपायाचा नेम चुकूं लागतो, त्याची वागणूक बिघडते. आणि मोहिमेहून परत आल्यावरहि मनाची जखम त्याच्या अंगीं राहते व तिच्यावर दिवसचे दिवस उपचार करावे लागतात. ताण उतरविण्याचा मुख्य उपाय एकच. एखादी खोली गांठावी, तिचीं सर्व दारें आंतून वितळजोड करून बंद करावीं आणि थोडा वेळ बसावें. पण दार जोडण्यास सामग्री लागते, ती मोजकीच असते. आणि तीच सामग्री मोडकी तोफ दुरुस्त करण्याकडेहि लागते. म्हणजे चौघांच्या मनाची शांति कीं एक तोफ, असा व्यवहार पडतो.

प्रथम हें सारें पाहून आम्हांस हंसूं आलें. भीतीला आंकडा! शेक्सपिअरच्या मॅकबेथची भीति शंभरांत ऐशी, असें कोणी लिहिलें तर त्यास आम्ही वर्गाबाहेर घालवूं. शिवाय ही कल्पना या खेळाची स्वतःचीहि नव्हे. वर उल्लेखिलेल्या १९९४ च्या खेळांत मनोधैर्याचा आंकडा होता व तो घसरला म्हणजे शिपाई शस्त्र टाकून पळत असे. २०१६ च्या 'डार्केस्ट डंजन'मध्यें तर मानसिक ताण हाच खेळाचा मध्यबिंदु केलेला आहे. पण खेळत गेलों तसतसें आमचें हंसें मावळलें. भीति आंकड्यांत कोणाला दिसते? जो भीत आहे त्याला नव्हे. जो दूर बसून दुसऱ्याची भीति पाहत आहे त्याला.

येथें कॅमेरॉन यांच्या चित्रपटांतील एका पात्राची आठवण होते. गॉर्मन हा तुकडीचा नवखा लेफ्टनंट. त्याचा बहुतेक सराव कृत्रिम कवायतींचा. प्रत्यक्ष रणांगणावर तो यापूर्वीं एकदांच उतरलेला. शिपाई वारुळांत शिरतात तेव्हां हा बाहेर चिलखती गाडींत बसून पडद्यांवर त्यांचीं छायाचित्रें व नाडीचे ठोके पाहत असतो. हल्ला होतो, पडदे एकामागून एक विझूं लागतात, आणि हा गोठून जातो. शेवटीं रिप्ली ही नायिका स्वतः गाडी हांकून भिंती फोडीत आंत शिरते व उरलेल्यांस बाहेर काढिते. चित्रपट पाहतांना आपण सारे रिप्लीच्या बाजूचे असतों. गॉर्मनची आपणांस चीड येते. या खेळाच्या कर्त्यांनीं काय केलें, तर ती चिलखती गाडी जशीच्या तशी आणिली, ते पडदे आणिले, नाडीचे ठोके आंकड्यांत मांडिले, आणि गॉर्मनची खुर्ची रिकामी करून तींत आपणांस बसविलें. भिंत फोडून येणारी रिप्ली मात्र येथें कोणी नाहीं. हेज व हार्पर हीं कथेंत बोलतात पुष्कळ. पण संकटसमयीं निर्णय आपला एकट्याचा असतो.

आमच्या टोंचणीची हकीकत आतां सांगितली पाहिजे. 'डेड हिल्स' या वसाहतींत आमची तुकडी फिरत होती. दोघे घायाळ, ताण सर्वांचा वाढलेला, दार जोडण्याची सामग्री संपलेली. आम्ही गाडीकडे परतत असतां मोठा हल्ला येत असल्याची सूचना मिळाली, आणि मागचा शिपाई कोसळला. तो नवखा होता, पहिलीच मोहीम. कोसळलेल्या माणसास उचलून आणितां येतें, पण उचलणाराचे हात गुंततात आणि तितकी तुकडीची शक्ति घटते. आम्हीं मनांत त्रैराशिक मांडलें. तीन अनुभवी शिपाई एका बाजूस, एक नवखा दुसऱ्या बाजूस. तिघांना गाडींत घातलें व निघालों. मोहिमेंत मिळालेलें साहित्य वांचलें, तिघांची बढती झाली. खेळानें आम्हांस एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. यादींतील एक नांव तेवढें कमी झालें.

याहून वाईट तें पुढेंच. दोन-तीन मोहिमांनंतर आमच्या ध्यानांत आलें कीं, निष्णात शिपाई कठीण प्रसंगासाठीं राखून ठेवावे आणि साध्या कामावर नवखे धाडावे, अशी आमची रीतच पडून गेली होती. कोणीं शिकविलें नव्हतें. हिशेब नीट ठेविला म्हणजे ती आपोआप सुचते. आणि वेलँड-युतानी कंपनी या चित्रपटमालिकेंत दुष्ट ठरली आहे ती अगदीं याच कारणानें, कीं तिच्या लेखीं खलाशी खर्ची पडले तरी चालतील, माल हातीं आला पाहिजे. आम्ही त्या कंपनीचा चाळीस वर्षें धिक्कार करीत आलों, आणि चार संध्याकाळींत तिच्या पगारावर रुजू झालों!

भरतमुनींनीं भय हा भयानक रसाचा स्थायी भाव सांगितला. शंका, त्रास, आवेग, मोह हे त्याचे संचारी. प्रत्यक्ष जीवनांत नकोसें वाटणारें भय रंगभूमीवर आस्वाद्य कां होतें, या प्रश्नाला भट्टनायक व अभिनवगुप्त यांनीं साधारणीकरणाचें उत्तर दिलें: तें भय माझें नव्हे, शत्रूचें नव्हे, तटस्थाचेंहि नव्हे, व्यक्तीपासून तें सुटें झालेलें असतें. आमच्या मतें बहुतेक भीतिदायक खेळ या पायरीपर्यंतहि येत नाहींत. अंधारांतून एकदम कांहीं अंगावर येतें, आपण दचकतों. दचकणें हा रस नव्हे. प्रस्तुत खेळ दचकवीत फारसा नाहीं. तो साधारणीकरणाकडे जातों जातों असें दाखवितो आणि वाटेंतच तें मोडतो. भय शिपायांचें, तें आम्ही वरून पाहतों; इथपर्यंत आम्ही प्रेक्षक. पण दार जोडावयाचें कीं नाहीं हें आम्हीं ठरविलें. त्या क्षणीं आम्ही प्रेक्षक उरत नाहीं. मग भयानक रस बाजूस राहतो आणि त्याच्या जागीं जें येतें त्यास पश्चात्तापावांचून दुसरें नांव नाहीं. नवरसांच्या देव्हाऱ्यांत त्यास स्वतंत्र कोनाडा नाहीं. कारण नाटक पाहून उठणाऱ्या रसिकाला स्वतःच्या कृत्याचा पश्चात्ताप होण्याचा प्रसंगच येत नसे.

उपग्रहाचें नांव लीथी, हीहि एक मौज. ग्रीक पुराणांत लीथी ही पाताळांतील विस्मृतीची नदी. तिचें पाणी प्यालें म्हणजे मृतात्मे पूर्वायुष्य विसरतात. परंतु हा खेळ कांहींच विसरत नाहीं. मोहीम अर्धी टाकून परत जातां येतें, आणि दुसऱ्या दिवशीं आलों तर जोडलेलें दार जोडलेलेंच, उपसलेली पेटी रिकामीच. दिवस जातो तसा प्राण्यांचा प्रादुर्भाव मात्र वाढतो, म्हणून विश्रांतीलाहि किंमत पडते. मोहिमेच्या मध्यें हव्या त्या क्षणीं नोंद करून चूक पुसून टाकण्याची जी सोय इतर खेळांत असते तीहि येथें नाहीं. ज्या ठिकाणीं आमचा शिपाई पडला तेथून पुढच्या खेपेस आम्हांस जावें लागलें. तेथें कोणी नव्हतें. आम्ही तुकडीला जरा जलद चालविलें.

दोष नाहींत असें नाहीं. संवाद सामान्य आहेत. हेजबाईंच्या मुखावर दुःख दाखवावयाचें तेथें लांकडाची बाहुली दिसते. उत्तरार्धांत या प्राण्यांची पूजा करणारा 'डार्विन इरा' नांवाचा एक पंथ येतो व माणसांशींच गोळीबार सुरू होतो. तेव्हां एवढा वेळ जमविलेलें वातावरण विरघळून जातें, कारण बंदूकधारी माणूस हा आपल्या ओळखीचा शत्रु आहे. शस्त्रें सुधारत गेल्यावर शेवटच्या मोहिमांत भीति उरते ती संवयीची. कर्त्यांच्या हातीं दहा तासांचा उत्तम मजकूर होता, तो त्यांनीं ताणून तिपटीनें वाढविला, असें आमचें स्पष्ट मत आहे. प्रसिद्ध झाला तेव्हां खेळांत तांत्रिक चुकाहि बऱ्याच होत्या; पुढें त्यांतील पुष्कळ दुरुस्त करण्यांत आल्या.

ज्या घरीं असे खेळ खेळले जातात तेथील वडील मंडळींस एवढेंच सांगावयाचें कीं, हा लहान मुलांच्या हातीं देण्याजोगा नाहीं. त्यांतील रक्तपात उघडावाघडा आहे. मोठ्या मुलानें घरीं आणिला असेल तर मात्र त्यास दटावण्यापूर्वीं एक संध्याकाळ त्याच्या शेजारीं खुर्ची ओढून बसावें, आणि गाडीकडे परततांना तो कोणाला मागें ठेवितो तें पाहावें. आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "पहिल्या वेळीं दोघांना, सर. दुसऱ्या वेळीं कोणालाच नाहीं. पण मग ती मोहीम हरलों."