पटविणारे गद्य : शब्द, वाक्य आणि हेतू

पदव्युत्तर वर्गात एकोणिसाव्या शतकातील निबंधवाङ्मय शिकविताना एक अनुभव वारंवार येतो. विष्णुशास्त्री चिपळूणकर, आगरकर, टिळक किंवा जोतीराव फुले यांच्यापैकी कोणाच्याही गद्याविषयी प्रश्न घातला, तरी उत्तरपत्रिकेत 'ओजस्वी', 'भारदस्त', 'रोखठोक', 'घणाघाती' ही विशेषणे हटकून येतात. ती खोटी आहेत असे नाही. परंतु ती वाचकावर झालेल्या परिणामाची नावे आहेत, त्या परिणामाच्या कारणांची नव्हेत. औषध गुणकारी आहे एवढे सांगून वैद्याचे भागत नाही. त्यात काय घातले आहे हेही त्यास सांगावे लागते. प्रस्तुत टिपणात या चार लेखकांच्या गद्यातील अशी काही द्रव्ये तपासून पाहावयाची आहेत. तपासणी सर्वांगीण नाही, आणि चौघांना सारखी जागा देण्याचाही हेतू नाही.

आरंभी एक साधी गोष्ट. मराठी वाक्यात क्रियापद सामान्यतः शेवटी येते आणि नकार त्याच्याही शेवटी. त्यामुळे लेखकाचा निर्णय वाचकाला वाक्य संपेपर्यंत कळत नाही. ही रचना वादपटू लेखकाला अत्यंत सोयीची असते. प्रतिपक्षाचे म्हणणे तो वाक्यभर आदराने मांडू शकतो, आणि वाचक त्याला होकार देण्याच्या बेतात असताना 'असे मात्र नव्हे' एवढ्या तीन शब्दांनी सारी इमारत खाली आणू शकतो. याच्या जोडीला 'च', 'ही', 'तर', 'तरी' ही अव्यये आहेत. 'हे त्यांनी केले' हे निवेदन झाले; 'हे त्यांनीच केले' हा आरोप झाला; 'हे त्यांनीही केले' म्हटले की आरोपाची वाटणी झाली. एका अक्षराने वाक्य न्यायासनापुढे उभे राहते. शैलीची चर्चा करताना आपण समासांची लांबी मोजतो आणि या अक्षरांकडे दुर्लक्ष करतो, हे नवल आहे.

टिळकांच्या अग्रलेखांची नुसती शीर्षके घेतली तरी हा मुद्दा स्पष्ट होतो. १८९७ च्या जुलै महिन्यात, पुण्यात रँडचा खून झाल्यानंतर सरकारने जी दडपशाही आरंभिली तिच्यावर, 'केसरी'त दोन अग्रलेख आले : 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आणि 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे'. पहिल्या शीर्षकाचे वर्णन 'जहाल' असे करून आपण पुढे जातो. वस्तुतः व्याकरणदृष्ट्या त्यात एकही आरोप नाही. ते प्रश्नवाक्य आहे, आणि प्रश्न खरा किंवा खोटा नसतो. उत्तर देण्याचे काम लेखकाने वाचकावर सोपविले आहे. मग वाचकाने मनातल्या मनात जे उत्तर दिले ते त्याचे स्वतःचे झाले, आणि स्वतःच्या मताइतके दुसरे कोणतेच मत माणसाला पटत नाही. शब्द पाहावा तर 'डोके ठिकाणावर असणे' हा घरातला वाक्प्रचार आहे. सासू सुनेला, बाप मुलाला, मालक गड्याला तो ऐकवतो. नेमका तोच साम्राज्याच्या सरकारला लावला की सरकार एकदम घरातल्या बहकलेल्या माणसाच्या पातळीवर येते. 'विवेकभ्रष्ट' हा शब्द योजला असता तर निषेध झाला असता, पण ही उंची उतरविण्याची क्रिया साधली नसती.

दुसऱ्या शीर्षकाची जात निराळी आहे. 'म्हणजे' आणि 'नव्हे' या दोन शब्दांमध्ये एक लक्षण मांडून ते अमान्य केले आहे. प्रश्न भावनेला हात घालतो, व्याख्या बुद्धीला. राज्य करणे ही काय वस्तू आहे हे एकदा ठरले की शिक्षा आणि सूड यांतला भेद सरकारलाही नाकारता येत नाही, कारण त्याचा स्वतःचा कायदा त्याच भेदावर उभा आहे. प्रतिपक्षाने मान्य केलेल्या तत्त्वावरून प्रतिपक्षाला बांधणे ही वादातील सर्वांत भक्कम गाठ होय. माझ्या मते या दोहोंत दुसरे शीर्षक श्रेष्ठ आहे. लोकांच्या स्मरणात मात्र पहिलेच राहिले, आणि त्यालाही कारण वाक्यरचनाच असावे.

तिसरे शीर्षक ९ जून १९०८ चे : 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. येथे प्रश्न नाही, व्याख्या नाही. 'टिकाऊ' हा बाजारातला शब्द आहे. लुगडे टिकाऊ असते, भांडे टिकाऊ असते. उपाय अन्याय्य आहेत असे न म्हणता ते टिकाऊ नाहीत असे म्हणण्याने लेखक फिर्यादीच्या जागेवरून उठून हितचिंतक गिऱ्हाइकाच्या जागी बसतो. न्यायाधीश दावर आणि ज्यूरीतील बहुमत यांना ही बैठक पटली नाही, आणि टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, हे सर्वश्रुत आहे. त्या खटल्यात मराठी लेखांच्या इंग्रजी भाषांतराविषयी टिळकांनी जो कडाक्याचा वाद घातला, त्याकडे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने अवश्य लक्ष द्यावे. एखाद्या मराठी शब्दाची छटा कोणती, यावर जेथे माणसाचे स्वातंत्र्य अवलंबून होते, तेथे शब्दयोजना ही अलंकाराची बाब राहिलेली नव्हती. त्याआधी १८९७ मध्येही न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी राजद्रोहाच्या कलमातील 'अप्रीती' या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'प्रीतीचा अभाव' असा लावला होता. अभाव आणि विरोध यांत आपल्या नैयायिकांनी जो भेद केला, तो त्या दिवशी न्यायालयात नाहीसा झाला.

आगरकरांचे गद्य याहून कोरडे म्हटले जाते. ज्याने १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, त्यानेच त्याच वर्षी वाक्यमीमांसेवर आणि वाक्यांच्या पृथक्करणावर पुस्तक लिहिले, हा केवळ योगायोग मानता येत नाही. त्यांच्या एका निबंधाचे शीर्षक 'स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत' असे आहे. आजच्या वाचकाला त्यात गंमत वाटते. मला त्यातील तृतीया विभक्ती महत्त्वाची वाटते. 'स्त्रियांना जाकिटे घालू द्यावीत' असेही लिहिता आले असते, आणि त्या काळचा सौम्य सुधारक तसेच लिहिता. परंतु त्या रचनेत देणारा कोणी पुरुष वाक्याबाहेर उभा राहतो, आणि स्त्री संप्रदानात जाते. आगरकरांच्या वाक्यात स्त्रिया कर्त्या आहेत आणि 'पाहिजेत' हे कर्तव्य त्यांचे आहे. परवानगीचा प्रश्नच वाक्यरचनेने काढून टाकला आहे. जो मुद्दा युक्तिवादाने सिद्ध करावयाचा तो अर्धा विभक्तीने आधीच हाती आणून दिला. असे करणे न्याय्य आहे का, असा आक्षेप कोणी घेईल. गृहीत धरलेली गोष्ट लेखाच्या पोटात सिद्ध केली असेल तर न्याय्य, नसेल तर तो छल. आगरकर सहसा सिद्ध करतात. 'जर' आणि 'तर' यांच्या पायऱ्या ते गाळत नाहीत, आणि म्हणूनच त्यांचे वाचन धीम्या गतीने करावे लागते.

आता चिपळूणकर. विद्यार्थिदशेत माझ्या पिढीतील पुष्कळांप्रमाणे मीही 'निबंधमाले'तील वाक्यांची नक्कल वहीत उतरवीत असे. १८७४ पासून सात वर्षांत ८४ अंक एकहाती लिहून या लेखकाने मराठी गद्याला जी ऐट दिली ती कोणीही नाकारणार नाही. तोलाने तोल देणारी दीर्घ वाक्ये, उपरोधासाठी वापरलेला अवाजवी आदर, संस्कृत पदाशेजारी अचानक येणारा चावडीवरचा शब्द, हे सारे आजही वाचनीय आहे. परंतु पटविण्याच्या कसोटीवर मला त्यांचे स्थान पूर्वीइतके वरचे वाटत नाही. ज्याला आधीच पटलेले आहे त्याला ते हर्ष देतात. ज्याला पटलेले नाही त्याला लाजवितात. लाजलेला माणूस गप्प बसतो, पण गप्प बसणे म्हणजे पटणे नव्हे.

याचा सर्वांत ठळक पुरावा फुल्यांवरील त्यांची टीका हा होय. त्या टीकेचा मोठा भाग फुल्यांच्या भाषेच्या अशुद्धतेवर खर्ची पडला आहे. न्यायसूत्रांत बावीस निग्रहस्थाने, म्हणजे वादात पराभव मानण्याच्या जागा, सांगितल्या आहेत. त्यांत अशुद्ध लेखनाला वेगळी जागा नाही. निरर्थक बोलणे आहे, विसंगत बोलणे आहे, तेच ते बोलणे आहे. व्याकरण चुकणे हे मात्र नाही. विशेष म्हणजे फुल्यांच्या युक्तिवादात खरोखरीच दुबळ्या जागा होत्या. 'गुलामगिरी'त त्यांनी अनेक व्युत्पत्त्या दिल्या आहेत. 'महार' शब्द 'महा-अरी'पासून काढणे ही त्यांपैकी एक. भाषाशास्त्राच्या कसोटीवर तिला लोकव्युत्पत्तीपलीकडे दर्जा देता येत नाही, आणि हेतूच असिद्ध असल्याने तीवर उभारलेला निष्कर्षही डळमळतो. संस्कृतज्ञ चिपळूणकरांना हा हेत्वाभास उघडा पाडणे सहज शक्य होते. त्याऐवजी त्यांनी ज्या जागी हसे होईल त्या जागी घाव घातला. खरी दुबळी जागा बाजूस राहिली.

आणि फुल्यांचे वाक्य? 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ मध्ये सिद्ध झाला. त्याच्या आरंभीच्या प्रसिद्ध पद्यात एकाच्या अभावातून दुसऱ्याचा अभाव अशी साखळी आहे. आपल्या अलंकारशास्त्रात तिला 'कारणमाला' म्हणतात, आणि अलंकार म्हणून तिची वाखाणणी पुष्कळ झाली. तर्काच्या दृष्टीने मात्र ती केवळ प्रतिज्ञा आहे : एकेक दुवा खरा आहे हे अजून दाखवावयाचे आहे. तो पुरावा पुढील गद्यात येतो आणि त्याची रचना लक्षणीय आहे. पहिल्या प्रकरणात शेतकऱ्याच्या घरी जन्मापूर्वीपासून मरणानंतरपर्यंत धर्माच्या निमित्ताने होणाऱ्या वसुलीचे वर्णन आहे. तेथील वाक्ये ओळीमागून ओळी चालतात. 'करून', 'घेऊन', 'लावून' अशी ऊकारान्त नव्हे, ऊन-प्रत्ययान्त धातुसाधिते एकावर एक रचली जातात, आणि मुख्य क्रियापद येईपर्यंत वाचकाचा दम संपतो. शालेय व्याकरण याला दोष म्हणेल. परंतु वसुलीही तशीच आहे : एक संपण्यापूर्वी दुसरी सुरू, मध्ये पूर्णविराम नाही. छोटी, सुटी वाक्ये केली असती तर प्रत्येक मागणी क्षुल्लक दिसली असती, आणि 'एवढेसे देण्याने काय होते' हा प्रतिपक्षाचा युक्तिवाद जिवंत राहिला असता. एकाच वाक्यात सर्व मागण्या अडकविल्याने त्यांची बेरीज वाचकाच्या पदरात पडते. हे वाक्य पुरावा सांगतेही आणि त्याची बेरीज करून दाखवितेही. हा ग्रंथ फुल्यांनी ठिकठिकाणी लोकांपुढे वाचून दाखविला होता, हे ध्यानी घेतले म्हणजे या लांबीचा आणखी एक उलगडा होतो. श्वासाच्या आधाराने चालणाऱ्या कथनाला पूर्णविरामाची गरज कागदाइतकी नसते.

फुल्यांचे प्रत्येक दीर्घ वाक्य असे सार्थ आहे असे म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. काही ठिकाणी कर्ता हरवतो, काही ठिकाणी संताप पुराव्याच्या पुढे धावतो. पण कोणते वाक्य सार्थ आणि कोणते सैल, हे ठरविण्यासाठी धातुसाधितांची, अव्ययांची आणि हेतुवाक्यांची मोजणी करावी लागेल. आगरकरांच्या पृथक्करणाची पद्धत 'असुडा'च्या पहिल्या प्रकरणाला वाक्यावारी लावून पाहण्याचे काम या वर्षी दोन विद्यार्थ्यांनी हाती घेतले आहे. पहिल्या दहा पृष्ठांची तक्ते तयार झाली की त्यांवर विभागाच्या चर्चासत्रात बोलता येईल.